तराजूचे दुसरे पारडे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला 'विज्ञान आणि समाज' असा विषय दिला होता. विषय इतका लांबरुंद आहे की त्यावर तासभर बोलूनही काहीच न बोलल्यासारखे होईल. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी त्याचा एक लहानसा तुकडा तोडून घेतला आहे. गेल्या महिन्यात आपल्या शाळेत धनुर्वात-घटसर्पाच्या लसीसाठी संमतीच्या चिठ्ठ्या घरी पाठविल्या होत्या. ही लस दहाव्या व सोळाव्या वर्षी देतात. ती काही नवी नाही. तुमच्यापैकी अनेकांनी धनुर्वाताचे इंजेक्शन पायात खिळा गेल्यावर घेतलेले आहे. तरीही बऱ्याच चिठ्ठ्या 'नको' असे लिहून परत आल्या. एका पालकांनी खाली कारणही लिहिले होते: 'कोरोनाच्या लसीने काय झाले ते आम्ही पाहिले आहे.'

मला त्या पालकांचा राग आला नाही. उलट त्यांनी कारण लिहिले याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, कारण बाकीच्यांनी नुसते 'नको' लिहिले होते. आज मी त्या एका वाक्याला उत्तर देणार आहे. जे पालक आज हजर नाहीत त्यांच्यासाठी हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे, तेव्हा सावकाश वाचावे आणि पटले नाही तर मला विचारावे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. मी या शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकविले. गावात कुणाला औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी वाचायचे असले की तो माझ्याकडे येतो. माझी थोरली बहीण, आम्ही सारे तिला आपा म्हणत असू, तिनेही तेच केले. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील लोकांना कोविडची लस खुली झाली. आपा तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती आणि बारा वर्षांपासून मधुमेही. तिने मला विचारले, "अरे, तू सायन्सचा मास्तर. घेऊ की नको?"

त्याच पंधरवड्यात युरोपमधून बातम्या येत होत्या. ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची लस, म्हणजे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'कोविशील्ड' नावाने तयार केलेली तीच लस, घेतल्यानंतर काही लोकांच्या रक्तात गुठळ्या झाल्या होत्या. ११ मार्चला डेन्मार्कने ती थांबविली. १५ मार्चला जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांनीही थांबविली. मी हे सारे वाचले होते आणि खरे सांगायचे तर वाचल्याचा थोडा अभिमानही होता. मी म्हणालो, "आपा, घाई कशाला? रमजान होऊन जाऊ द्या, तोवर चित्र स्पष्ट होईल."

त्या साली रमजान १४ एप्रिलला सुरू झाला. दहाव्या-बाराव्या रोजाच्या सुमारास आपाला ताप आला. ईद १४ मेला होती. आपा तिच्या तीन दिवस आधी गेली. जनाज्याला आम्ही मोजकीच माणसे होतो.

लस घेतली असती तर आपा नक्की वाचली असती, असे मी म्हणणार नाही. ते फक्त अल्लाह जाणतो. लस घेतलेली माणसेही त्या लाटेत गेली आहेत. माझी चूक दुसरीच होती. मी तिला जे सांगितले त्याला मी 'सावधगिरी' म्हणत होतो. प्रत्यक्षात मी तराजूचे एकच पारडे पाहिले होते. लसीचा धोका किती, हे मी वाचले. लस न घेण्याचा धोका किती, आणि तोही त्रेसष्ट वर्षांच्या मधुमेही बाईला किती, हे मी मोजलेच नाही. 'थांबा' म्हणणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचीही किंमत असते, हे ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना प्रयोगात तुलना करायला शिकविले, त्याला सुचले नाही.

आता त्या गुठळ्यांविषयी. काही मंडळी अजूनही म्हणतात की ही सारी अफवा होती. तसे नाही. ती गोष्ट खरी होती. या आजारात रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी रक्तातील प्लेटलेट कमी होतात, हे विचित्र लक्षण आहे. ७ एप्रिल २०२१ रोजी युरोपच्या औषध नियामक संस्थेने हा त्या लसीचा अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम असल्याचे जाहीर केले. आपल्याकडे १७ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने आपला आढावा प्रसिद्ध केला. गंभीर स्वरूपाच्या ४९८ प्रकरणांची तपासणी झाली होती. त्यांत गुठळ्यांची शक्यता असलेली २६ प्रकरणे कोविशील्ड घेतलेल्यांची निघाली. म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. त्याच निवेदनात ब्रिटनचे प्रमाण दहा लाखांमागे ४ आणि जर्मनीचे १० दिले होते. आपल्याकडे नोंदी कमी होतात, खेड्यातल्या दवाखान्यात गुठळी ओळखली जाईलच असे नाही, ही शंका कुणी घेतली तर ती रास्त आहे. म्हणून मी आपला आकडा बाजूला ठेवून जर्मनीचा धरतो. तरी एक लाखात एक.

विद्यार्थ्यांनो, इथे तुमच्यासाठी एक प्रश्न आहे. चाचण्यांमध्ये हे आधीच का कळले नाही? लपविले म्हणून? डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या चाचण्यांत तेवीस हजारांवर माणसे होती, त्यांतल्या साधारण निम्म्यांना ही लस आणि बाकीच्यांना तुलनेसाठी दुसरे इंजेक्शन. आता जी गोष्ट एक लाखात एकाला होते, ती बारा हजार माणसांत दिसेल का? बहुधा एकदाही नाही. ती दिसते कोट्यवधी लोकांनी लस घेतल्यावर. म्हणूनच लस बाजारात आली की काम संपत नाही. नंतरही नोंदी ठेवाव्या लागतात, तक्रारी ऐकाव्या लागतात. लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवत असत, तेही उगाच नव्हे. फार थोड्या लोकांना तीव्र ॲलर्जी होते आणि ती बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होते. भारतात लसीमुळे झालेला म्हणून सरकारी समितीने मान्य केलेला पहिला मृत्यू अशाच ॲलर्जीने झाला. ते अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ होते आणि त्यांनी ८ मार्च २०२१ रोजी लस घेतली होती. हे सांगताना मला काही आनंद होत नाही. परंतु जे खरे आहे ते सांगितले नाही तर पुढचे खरे तुम्ही का ऐकावे?

आता तराजू. एप्रिल २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील विंटन सेंटरने एक साधा तक्ता केला. साथीचा जोर कमी असताना, सोळा आठवड्यांच्या काळात, एक लाख लोकांना ही लस दिली तर किती जण अतिदक्षता विभागात जाण्यापासून वाचतील आणि किती जणांना लसीने गंभीर इजा होईल, असा तो हिशेब होता. साठ ते एकोणसत्तर वयाच्या लोकांत वाचणारे १४.१ आणि इजा होणारे ०.२. वीस ते एकोणतीस वयात मात्र वाचणारे ०.८ आणि इजा होणारे १.१! लस एकच आणि बाटलीही एकच, पण पारडे उलटे झाले. म्हणून ब्रिटनने आधी तिशीच्या आणि मग ७ मेपासून चाळिशीच्या आतल्या लोकांना शक्यतो दुसरी लस द्यावी असे ठरविले, आणि म्हाताऱ्यांना तीच लस देणे चालू ठेवले. हा तक्ता मी आपाच्या मृत्यूनंतर पाहिला. तिच्या ओळीत काय लिहिले होते ते तुम्ही आताच ऐकलेत.

एक गोष्ट लगेच जोडतो, नाहीतर घरी जाऊन तरुण मुले म्हणतील की सरांनीच सांगितले आमच्या वयात लस वाईट. तो तक्ता साथ मंद असतानाचा आहे. साथीचा जोर वाढला की वाचणाऱ्यांचा आकडा वाढतो, इजेचा आकडा तोच राहतो. आपल्याकडे एप्रिल-मे २०२१ मध्ये काय परिस्थिती होती, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी कोण कुठे धावले, हे या सभागृहात बसलेल्यांना मी सांगायची गरज नाही.

मग मे २०२४ मध्ये पुन्हा आग लागली. लंडनच्या न्यायालयातील दाव्यात कंपनीने मान्य केले की लसीमुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी अशा गुठळ्या होऊ शकतात. त्याच सुमारास कंपनीने युरोपातून ती लस काढून घेतली. नव्या विषाणूंसाठीच्या नव्या लसी मुबलक झाल्याने मागणी उरली नाही, असे कारण तिने दिले. आपल्याकडे मोबाइलवर दोन्ही बातम्यांची खिचडी झाली. माझ्याकडे त्या आठवड्यात निदान वीस माणसे आली. एका चाचांनी तर तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या लसीसाठी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, त्याही दुकानदाराच्या सल्ल्याने! त्यांना मी डॉक्टरांकडे पाठविले. लसीने होणाऱ्या या गुठळ्या टोचल्यानंतर साधारण चार दिवसांपासून सहा आठवड्यांच्या आत दिसतात. तीन वर्षांनी नाहीत. आणि कंपनीने न्यायालयात जे मान्य केले ते युरोपच्या नियामकांनी तीन वर्षांपूर्वीच जाहीर केले होते. आपण तेव्हा वाचले नाही, एवढेच. ज्यांच्या घरात खरोखर अशी इजा झाली त्यांना भरपाई मिळाली पाहिजे, हे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांच्या भल्यासाठी दिलेल्या लसीचा भार एकाच घराने का सोसावा?

तरुणांच्या अचानक मृत्यूचेही तसेच. क्रिकेट खेळताना कोसळला, लग्नात नाचताना कोसळला, असे व्हिडिओ आपण सर्वांनी पाहिले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांतून याची पाहणी केली. अठरा ते पंचेचाळीस वयाचे, वरवर धडधाकट असताना अचानक गेलेले ७२९ जण आणि त्यांच्या जोडीला त्याच वयाचे, त्याच वस्तीतले २,९१६ जिवंत लोक. नोव्हेंबर २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लसीने अचानक मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला. वाढलेला दिसला तो कोविडने रुग्णालयात राहून आलेल्यांत, ज्यांच्या कुटुंबात असे मृत्यू झाले आहेत त्यांच्यात, दारू ढोसणाऱ्यांत आणि मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांत शरीराला न झेपणारे कष्ट घेतलेल्यांत. परदेशात फायझर व मॉडर्नाची लस घेतलेल्या काही तरुण मुलांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली हे मात्र खरे आहे. त्यांतले बहुतेक बरे झाले. आपल्या देशातील मोहिमेत त्या लसी नव्हत्या. पण आपल्या घरोघरी कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे, म्हणून सांगून ठेवतो.

आया आणि मुलींनी विचारलेले प्रश्न मोठ्याने विचारले जात नाहीत. ते माझ्या पत्नीमार्फत माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न, लसीने मूल होत नाही का? अमेरिका व कॅनडातील मूल व्हावे म्हणून प्रयत्न करणाऱ्या दोन हजारांहून अधिक जोडप्यांची पाहणी जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. लस घेतल्याने, बाईने घेवो वा पुरुषाने, गर्भ राहण्यात फरक पडला नाही. पुरुषाला प्रत्यक्ष कोविड झाल्यास मात्र पुढचे सुमारे दोन महिने शक्यता घटलेली दिसली. दुसरा प्रश्न पाळीचा. पुष्कळ बायकांनी सांगितले की लसीनंतर पाळी पुढे गेली, आणि डॉक्टरांनी त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठविले. त्या बायका बरोबर होत्या. सुमारे चार हजार स्त्रियांच्या नोंदी तपासल्या तेव्हा लस घेतलेल्यांचे चक्र सरासरी एका दिवसाहून थोडे कमी लांबलेले आढळले आणि ते पुन्हा पूर्ववत झाले. बदल किरकोळ होता, पण तो होता. आधीच ऐकून घेतले असते तर वंध्यत्वाच्या अफवेला एवढे पाय फुटले नसते असे मला वाटते.

हलाल-हरामचा प्रश्नही मी टाळणार नाही, कारण डिसेंबर २०२० मध्ये आपल्या मोहल्ल्यात तोच पहिला होता. लसीत डुकराचे जिलेटिन आहे, असे ऐकिवात होते. मी दोन्ही लसींच्या घटकांची छापील यादी वाचली. कोविशील्डमध्येही जिलेटिन नाही, कोव्हॅक्सिनमध्येही नाही. कोविशील्डमध्ये एका डोसमागे २ मिलिग्रॅम अल्कोहोल आहे. साखरेच्या चार-पाच दाण्यांच्या वजनाइतके. तेही मी आपल्या मौलाना साहेबांना जाऊन सांगितले, लपविले नाही. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "मास्तरसाहेब, तुम्ही पूर्ण सांगितलेत म्हणून मी लोकांना पूर्ण सांगू शकतो." त्या जुम्याला त्यांनी लस घेण्यास हरकत नाही असे सांगितले, आणि रोजा असताना इंजेक्शन घेतल्याने रोजा तुटत नाही हेही. उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. दोरी मजबूत आहे की नाही हे पाहणेही मी त्यातच धरतो.

मंडळी, शंका ही आपल्याच समाजाची खोड आहे, असे जे बोलले जाते ते मला मान्य नाही. ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला मान्यता मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष आलेले नव्हते. ते पुढे आले आणि चांगले आले. पण जानेवारीत ज्याने प्रश्न विचारला तो अडाणी नव्हता. भिवंडी-मालेगावात लसीकरण मागे पडले तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी मुस्लिम वस्त्यांत लोकांना समजाविण्यासाठी सलमान खान यांची मदत घेण्याचे बोलून दाखविले. हेतू चांगला असेल. मला मात्र थोडे वाईट वाटले. लूमवर रोजंदारीने काम करणारा विचारतो की दोन दिवस ताप आला तर माझी मजुरी कोण देईल, आणि आपण त्याला नटाचा चेहरा दाखवितो! त्या महिन्यांत तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात तर लस नसेल तर रेशन आणि पेट्रोल नाही असा हुकूम निघाला होता. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कोणालाही बळाने लस देता येणार नाही, आणि दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना पाहता येतील अशा प्रसिद्ध करा. या निकालाचे मी मनापासून स्वागत केले, लसीच्या बाजूचा माणूस असूनही.

बळजबरीने काय होते हे मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. १८९६ मध्ये तिथे प्लेग आला. सरकारी पथके घरात शिरून आजारी माणसे उचलून नेऊ लागली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांनी अशाच एका पथकाला एका आजारी मुलीला नेण्यापासून अडविले आणि शहरात दंगल पेटली. त्याच शहरात, त्याच काळात, दुसरीही गोष्ट घडत होती. वाल्डेमार हाफकिन नावाचे ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा इस्माईली जमातीचे तरुण प्रमुख सर सुलतान महंमद शाह आगाखान, वय वर्षे एकोणीस, यांनी आपला खुश्रू लॉज नावाचा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला आणि जमातीच्या डोळ्यांदेखत स्वतः लस टोचून घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. जमातीला हुकूम सोडण्याऐवजी त्यांनी आधी स्वतःचा दंड पुढे केला.

हाफकिनांची कथा इथे संपत नाही, आणि लसीचा नुसता गौरव करणारे लोक पुढचा भाग गाळतात. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. चौकशी झाली, मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका आला, हाफकिनांना काम सोडावे लागले. पुढे पुरावे नीट पाहिल्यावर दिसले की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिनांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग धुतला गेला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. तुमच्यापैकी कुणी मुंबईला गेलात तर ती इमारत जरूर पाहा. लसीत दोष नव्हता हे खरे, आणि ती एकोणीस माणसे लस घ्यायला जाऊनच मेली हेही खरे. त्यांच्या घरच्यांनी पुन्हा लस घेतली असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आता आपल्या चिठ्ठ्यांकडे परत येतो. कोविडची आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजीच जाहीर केले. आज कुणी तुमच्या दारात कोविडची लस घेऊन उभा नाही. मग मी हे जुने का उकरतो आहे? कारण त्या लसीविषयीचा संशय आता दुसऱ्या लसींवर उतरला आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, भिवंडी आणि मालेगावातही पसरला, आणि लहान मुले दगावली. टाळेबंदीच्या काळात अनेकांचे डोस चुकले होते हे एक कारण. पण 'आता कुठलीच सुई नको' म्हणून दार लावून घेणारी घरेही होती. गोवराच्या लसीचे दोन डोस असतात, पहिला नवव्या महिन्यात आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. ही लस साठ वर्षांहून जास्त काळ जगभर दिली जात आहे. तिच्या पारड्यात काय आहे हे शोधायला कुणाला केंब्रिजला जावे लागत नाही.

आणि धनुर्वाताचे तर काय सांगावे! हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. तेव्हा बाकी सर्वांनी लस घेतली की माझे मूल आपोआप वाचेल, हा हिशेब तिथे चालत नाही. त्याचे जंतू मातीत असतात. आपली मुले अनवाणी मैदानात खेळतात.

ज्या पालकांनी ते वाक्य लिहिले त्यांना मी ओळखतो. त्यांच्या मोठ्या भावाला लसीनंतर महिन्याभराने पक्षाघाताचा झटका आला. तो लसीने आला की नाही, मी सांगू शकत नाही. त्यांचा रक्तदाब आधीपासून होता आणि लस न घेतलेल्यांनाही असे झटके येतात. पण त्या वेळी ते ज्या दवाखान्यात विचारायला गेले तिथे त्यांना उत्तर मिळाले नाही, ओरडा मिळाला. तो ओरडा अजून त्यांच्या मनात आहे, आणि त्यांच्या पाचवीतल्या मुलीच्या चिठ्ठीवर तो 'नको' होऊन उतरला. मी मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी चहा घेऊन आलो. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. माझे सारे ऐकून घेतले आणि लसीच्या बाटलीवरची तारीख व नाव स्वतः पाहायला मिळेल का, एवढे विचारले. मी हो म्हणालो आहे.

म्हणून मुख्याध्यापकांच्या संमतीने असे ठरले आहे. येत्या शनिवारी जोहरच्या नमाजनंतर शाळेच्या प्रयोगशाळेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम येतील आणि मीही असेन. आपल्या मुलांची जुनी लसीकरणाची कार्डे शोधून आणा. कार्ड हरवले असेल तरी या. मुलाला कशाची ॲलर्जी आहे, पूर्वी कुठल्या इंजेक्शनने त्रास झाला होता, फिट येतात का, कुठले औषध चालू आहे, हे आठवून एका कागदावर लिहून आणा. ते डॉक्टरांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगा. ज्यांना विचारायला संकोच वाटतो त्या भगिनींसाठी माझी पत्नी शेजारच्या वर्गात बसेल. कोणावरही ओरडले जाणार नाही, ही माझी जबाबदारी. चिठ्ठ्या त्यानंतरच्या सोमवारपर्यंत स्वीकारल्या जातील, आणि ज्यांनी 'नको' लिहिले आहे त्यांना नवी कोरी चिठ्ठी मिळेल.